देशांतर

एखादे गाव किती लांब आहे असे आमच्या वऱ्हाडात विचारले, तर उत्तर सहसा मैलांत किंवा किलोमीटरांत मिळत नाही. "अमरावती किती लांब हाय जी?" असे अकोल्याच्या बसस्थानकावर विचारावे, तर उभा असलेला मनुष्य "दोन घंटे" म्हणून मोकळा होतो. पूर्वी कोस होता. पण कोस तरी कुठे नेमका होता? तो गावोगाव लहानमोठा होई, आणि काळ्या मातीचा चिखल झाला की आपोआप लांबत असे.

तीस वर्षे भूगोल शिकविलेल्या मनुष्याला हे उत्तर खटकावयास हवे. दोन ठिकाणांमधले अंतर ही जागेची गोष्ट. काळाशी तिचा संबंध काय, असे मी मुलांना बजावीत असे. अकोला आणि अमरावती यांच्यामध्ये सरळ रेषेने सुमारे ८० किलोमीटर आहेत, सडकेने शंभराच्या आतबाहेर. हे आकडे कोणाच्या घाईने कमी होत नाहीत, की कोणाच्या कंटाळ्याने वाढत नाहीत. परंतु आमच्या या ८० किलोमीटरांनीच मला पुष्कळदा खोटे पाडले आहे. महामार्गाचे काम रखडले होते त्या वर्षांत हीच अमरावती खड्ड्यांतून तीन-तीन तासांवर जाऊन बसली होती. मग जून २०२२ मध्ये या सडकेवर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरण्याचा जागतिक विक्रम झाला, गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली, आणि अमरावती पुन्हा जवळ आली. वाटेत मूर्तिजापूर लागते. तेथून अचलपूरला जाणारी अरुंद रुळांची शकुंतला गाडी, जी आता बंद पडली आहे, ती ७६ किलोमीटरांना चार-चार तास घेत असे. पण अचलपूर लांब आहे अशी तक्रार त्या गाडीतल्या कोणी केलेली मी ऐकली नाही. गाडी हळू आहे एवढेच लोक म्हणत. लांब असणे आणि उशीर लागणे या दोन गोष्टी त्यांच्या मनात वेगळ्या होत्या. आता त्या वेगळ्या राहिल्या आहेत की नाही, याविषयी मला शंका आहे.

शंका येण्याचे कारण असे की, अलीकडे माझ्याकडे लोक वेगळ्याच गावांची अंतरे विचारावयास येतात. शाळा सुटली तरी पृथ्वीचा गोल मी घरी ठेवला आहे, हे जठारपेठेतल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कोणाचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोकडे असतो, कोणाची मुलगी टोरांटोला, कोणाची सिडनीला. मोबाइलवर बोट टेकविले तर आकडा लगेच मिळतो, हे त्यांनाही कळते. तरी त्यांना तो गोलावर पहावयाचा असतो. मी एक टाचणी अकोल्यावर लावतो, एक सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि मधून दोरा ताणतो. ताणलेला दोरा जेथून जातो ती सर्वांत जवळची वाट. हे पाहून माणसे चकित होतात. कारण भिंतीवरच्या नकाशाने त्यांना अमेरिका पश्चिमेला, अरबी समुद्राच्या आणि युरोपाच्या पलीकडे दाखविलेली असते. दोरा मात्र पश्चिमेला वळतच नाही. तो अकोल्याहून उत्तरेला, जरासा उजवीकडे कलून निघतो, हिमालय ओलांडतो, आणि उत्तर ध्रुवाच्या आसपासच्या बर्फावरून पलीकडे उतरतो. म्हणजे अकोल्याच्या गच्चीवर उभे राहून मुलाकडे तोंड करावयाचे असेल, तर नरनाळा आणि गाविलगड यांच्या मधोमध पहावे लागते. एका बाईंनी हे ऐकल्यावर, "अगबाई, म्हणजे मेळघाटाच्या मागेच की!" असे म्हटले होते. त्यांचे समाधान झालेले पाहून मी पुढचे आकडे सांगितले नाहीत.

पुढचे आकडे असे आहेत. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे या दोऱ्याने सुमारे १३,५०० किलोमीटर अंतर आहे; न थांबणारे विमान ते सोळा-सतरा तासांत तोडते. जाताना आणि येताना लागणारा वेळ सारखा नसतो, कारण उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोराचे वारे एका दिशेला विमानाला ढकलतात आणि दुसऱ्या दिशेला अडवितात. ९ जानेवारी २०२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला निघालेले एअर इंडियाचे विमान, ज्याच्या सर्व वैमानिक स्त्रिया होत्या, जवळजवळ चौदा हजार किलोमीटर ध्रुवावरून उडत आले. त्याला सतरा तास लागले. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पहावा. मुंबईला उतरलेल्या मुलाला अकोल्यास पोचावयाचे, तर उरलेली वाट रेल्वेने ५८५ किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि ती एक रात्र घेते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचे विमान सुरू झाले, पावणेदोन तासांचे. पण ते रोज नव्हते, आणि अकोल्याच्या माणसाने उतरून पुन्हा उलट्या दिशेने सडक धरावयाची. अकोल्याला शिवणीची धावपट्टी आहे, ती १९४३ सालची. ती लांबवावी म्हणून गावाने पुष्कळ अर्ज-विनंत्या केल्या. शेजारी कृषी विद्यापीठाची जमीन आहे, आणि जागेचा प्रश्न वर्षानुवर्षे चालत आला आहे. पृथ्वीची एक बाजू ओलांडावयास सोळा तास, आणि महाराष्ट्राचा एक तुकडा ओलांडावयास दहा, असा हा हिशेब आहे. त्याचे हसू येते, पण ज्याच्या घरी कोणी अत्यवस्थ आहे त्याला येत नाही.

कारण हा हिशेब माणसे सहसा एकाच प्रसंगासाठी करून ठेवतात. तो कोणता, हे बोलून दाखवीत नाहीत. "तसं काही झालं तर किती वेळात येता येईल?" एवढेच विचारतात. "तसं काही" या दोन शब्दांत सगळे येते.

मराठी भाषेने 'अंतर' या एका शब्दावर फार ओझे लादले आहे. दोन गावांमधले ते अंतर, दोन माणसांमधला फरक तोही अंतर, आणि मनाच्या आतली जागा तीही अंतरच. त्याशिवाय आपण 'अंतर देणे' म्हणतो. आईबापांना अंतर देऊ नये, याचा अर्थ त्यांच्यापासून मैलांवर जाऊ नये असा नाही. त्यांना टाकू नये असा आहे. बारा गावे दूर राहून अंतर न देणारा असू शकतो, आणि एका माजघरात राहून अंतर दिलेला असू शकतो. हे कोणाला शिकवावे लागत नाही. तरीसुद्धा प्रत्यक्ष न्याय करण्याची वेळ आली की आपण शब्दाचा दुसरा अर्थ बाजूला ठेवतो आणि विमानाचे वेळापत्रक हातात घेतो.

आपल्या धर्मशास्त्रकारांपुढे हा प्रश्न जुन्या काळीच उभा राहिला होता, आणि तो सुतकाच्या प्रकरणात राहिला. मनुष्य एका ठिकाणी मरतो, आप्त दुसऱ्या ठिकाणी असतो, बातमी उशिरा पोचते. मग त्याने सुतक कधीपासून धरावे, किती दिवस धरावे? त्यासाठी 'देशांतर' कशाला म्हणावयाचे हे ठरविणे भाग पडले. मिताक्षरेत आणि पुढच्या निबंधग्रंथांत या शब्दाच्या ज्या व्याख्या गोळा केल्या आहेत, त्या भूगोलाच्या शिक्षकाने जरूर वाचाव्या अशा आहेत. मध्ये मोठी नदी आडवी येते, किंवा पर्वत आडवा येतो, किंवा माणसांची भाषा बदलते, तेथे देशांतर, असे एक मत. दुसरे लोक सरळ आकडा देतात, पण त्यांचे आपापसांत जमत नाही: कोणी साठ योजने म्हणतो, कोणी चाळीस, कोणी तीस. आणि आणखी एक मत असे की, जेथली वार्ता दहा रात्रींत कानांवर येत नाही ते देशांतर.

हे शेवटचे मत ज्याने मांडले त्याच्याविषयी मला मोठा आदर वाटतो. नदी, पर्वत, योजने हे सगळे त्याने सोडून दिले आणि मनुष्याला मनुष्याची खबर किती काळाने लागते, एवढेच धरले. आमच्या बसस्थानकावरचा मनुष्य "दोन घंटे" म्हणतो तेव्हा तो या शास्त्रकाराच्याच पंथातला असतो. आता ही मापे आजच्या मुलाला लावून पहा. पर्वताचे माप लावले तर सातपुड्यापलीकडचे खंडवासुद्धा देशांतर ठरेल. तेथे भाषाही बदलते. योजनांचे माप लावले तर सॅन फ्रान्सिस्को कोणत्याही हिशेबाने देशांतरच आहे. पण वार्तेचे माप लावले तर? अकोल्यात एखाद्याचा श्वास थांबला, तर कॅलिफोर्नियातल्या मुलाला शेजारच्या घराच्या आधी कळते. कित्येकदा तो श्वास थांबताना तो पडद्यावर पाहत असतो. त्याच्या घड्याळात साडेबारा किंवा साडेतेरा तास मागची वेळ असते, कित्येकदा तारीखसुद्धा आदली असते, आणि पुढे श्राद्धाची तिथी कोणती धरावी यावर घरात वाद होतो. परंतु बातमी मात्र दहा रात्री सोडाच, दहा सेकंदही घेत नाही. या व्याख्येप्रमाणे जगात देशांतर उरलेच नाही.

शास्त्राचा पुढचा भाग मला अधिक विचार करावयास लावतो. लांबच्या आप्ताला अंतराची आणि उशिराची सवलत आहे. दहा दिवसांच्या आत कळले तर उरलेले दिवस, त्यानंतर कळले तर कमी, फार उशिरा कळले तर नुसते स्नान. पण आईबापांच्या बाबतीत ही सवलत काढून घेतली आहे. पुत्र कितीही दूर असो, कितीही उशिरा ऐको, ज्या दिवशी ऐकेल त्या दिवसापासून त्याने पुरे दहा दिवस पाळावयाचे. येथे शास्त्र कठोर झाले असे प्रथम वाटते. परंतु जरा थांबून पाहिले की उलटे दिसू लागते. शास्त्र त्याला "ये" म्हणत नाही. तो जेथे असेल तेथून, ऐकल्या क्षणापासून, मुलगा असण्याचे काम सुरू कर म्हणते. अग्नी देण्यास तो नसेल तर दुसरे अधिकारी ओळीने सांगून ठेवले आहेत. चिता कोणासाठी अडत नाही. मुलगा पोचला की नाही याची चौकशी त्या ग्रंथांत फारशी नाही. त्याला दुःख पुरे झाले की नाही, याची आहे.

पोचण्याची चौकशी आपण नंतर सुरू केली, आणि ती वेगामुळे सुरू केली, असे माझे मत आहे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे लोकमान्यांच्या शिक्षेविरुद्धचे अपील प्रिव्ही कौन्सिलपुढे चालविण्यासाठी १९०८ साली विलायतेस गेले आणि १९१० साली परतले. जहाजाला आठवडे लागत. पत्र जावयास आणि उत्तर यावयास महिना-दीड महिना सहज जाई. त्या दोन वर्षांत अमरावतीत काही घडले असते, तर ते आले नाहीत म्हणून कोणी बोट दाखविले नसते. त्याआधी आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या त्या ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. तेव्हा दोन महिन्यांच्या वाटेवर असलेल्या मनुष्याला त्याच्या घरच्यांनी मनातल्या मनात निरोप देऊन टाकलेला असे. मंडालेच्या तुरुंगात असलेल्या लोकमान्यांना पत्नी १९१२ च्या जूनमध्ये पुण्यात वारल्याची खबर मिळाली, तेव्हा भिंत आणि समुद्र दोन्ही मध्ये होते. जे शक्यच नाही त्याचा दोष कोणाकडे जात नाही, आणि ही एक मोठी मोकळीक होती. वेगाने ती मोकळीक काढून घेतली. येता येते, म्हणून यावयास हवे. यावयास हवे, म्हणून न येणारा दोषी. वाट जसजशी लहान होत गेली, तसतसे कर्तव्य मोठे होत गेले. आगबोटीच्या काळचा मुलगा आजच्या मुलाहून अधिक मायाळू होता असे नव्हे; त्याची परीक्षाच कोणी घेतली नाही.

यावर कोणी म्हणेल, मग चांगलेच झाले की! परीक्षा नसलेल्या मायेपेक्षा परीक्षेत उतरलेली माया बरी. हे म्हणणे मला मान्य झाले असते, पण परीक्षा घेणारे कोणत्या मापाने मोजतात ते मी पाहिले आहे.

आमच्या भागातले एक वृद्ध गृहस्थ मे महिन्यातल्या एका बुधवारी संध्याकाळी गेले. मुलगा कॅलिफोर्नियात, मुलगी अमरावतीत. मुलीला कळले तशी ती सडकेने निघाली आणि रात्री नऊच्या आत घरात होती. मुलाने फोनवर सांगितले, मी निघतो, थांबा. घरात विचार झाला आणि थांबावयाचे ठरले. काचेची थंड पेटी भाड्याने आणली. अकोल्याचा मे, पारा पंचेचाळिसाच्या वर. दुसऱ्या रात्री वीज गेली आणि बर्फाच्या लाद्या आणण्यासाठी पोरांना गावभर धावावे लागले. मुलगा शुक्रवारी सकाळी रेल्वेने आला. तीन विमानतळ आणि एक रात्रगाडी त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. त्याने अग्नी दिला. लोक म्हणाले, "बाप पोरासाठी थांबला." दीड दिवस येणाराजाणारा प्रत्येक जण त्या मुलीला विचारीत होता, "भाऊ कुठवर आला? आता किती वेळ?" ती प्रत्येकाला विमानाचे नाव, उतरण्याची वेळ, गाडीची वेळ सांगे, जणू ती स्टेशनमास्तर होती. गेली सहा वर्षे दर शनिवारी अमरावतीहून येऊन वडिलांचे औषधपाणी, बँकेची कामे, दळण, सगळे ती करीत आली होती. तेराव्यानंतर एकदा ती मला म्हणाली, "काका, माझी वाट पाहायची वेळ कधी कोणावर आलीच नाही."

थांबले हे चूक झाले असे मी म्हणत नाही. चाळीस तासांच्या वाटेवर असलेल्या मुलाला त्या चाळीस तासांच्या शेवटी वडिलांचे तोंडही दिसू नये, हे मला क्रूर वाटते. पार्थिवाला घाई नसते, आणि विसावा जिवंत माणसाला हवा असतो. माझी तक्रार वेगळीच आहे. त्या दीड दिवसात मुलगा असणे या गोष्टीचे मोजमाप सगळ्या गावाने पोचण्यावर आणून ठेवले. तो पोचला, म्हणून तो चांगला. तो पोचला नसता तर? व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असती, नोकरी नुकतीच गेली असती, किंवा तिकिटाला पैसे नसते, तर? २३ मार्च २०२० पासून आपल्या देशाने परदेशांशी चालणारी नेहमीची विमाने थांबविली, ती २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली. मध्ये काही खास विमाने सुटली, पण कितीतरी मुलांनी आईबापांची चिता मोबाइलवर पाहिली. सॅन फ्रान्सिस्को तेव्हाही १३,५०० किलोमीटरांवरच होते. २०२५ च्या एप्रिलअखेर पाकिस्तानने आपले आकाश आपल्या विमानांना मिटले, आणि दिल्लीहून अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना लांबचा वळसा घ्यावा लागला. काहींना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावे लागले. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला अमेरिकेने एका प्रकारच्या कामाच्या व्हिसावर एक लाख डॉलरचा आकार जाहीर केला, तेव्हा सुटीवर घरी आलेली माणसे सामान न उघडताच परत धावली. नव्या अर्जांनाच तो लागू आहे असे दुसऱ्या दिवशी कळले. पण त्या एका रात्रीत अमेरिका किती लांब गेली होती, हे कोणत्या दोऱ्याने मोजावयाचे? विमानाचा वेग आपल्या हाती आलेला नाही. तो कोणीतरी दिलेला असतो, आणि देणारा केव्हाही काढून घेऊ शकतो. अशा उसन्या वेगावर आपण माणसाचे शील तोलतो, हे मला बरोबर दिसत नाही.

उलट बाजूही पहावयास हवी. आपल्याच वऱ्हाडात असे संत होऊन गेले की ज्यांनी घराकडे जाणे साफ सोडले. गाडगेबाबांनी १९०५ साली घर सोडले. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असता मुलगा गेल्याची बातमी त्यांना कळली, आणि त्यांनी कीर्तन थांबविले नाही. त्यांचे स्वतःचे देहावसान २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, पेढी नदीच्या काठी, वाटेतच झाले. त्या कीर्तनाच्या गोष्टीला आपण सगळे मान डोलावतो; माझी मान मात्र नेहमीच जरा अडखळते. घरी जी बाई होती तिचे काय, हा प्रश्न मनातून जात नाही. पण एवढे खरे की गाडगेबाबांनी काही लपविले नव्हते. घराला अंतर द्यावयाचे, हे त्यांनी उघड ठरविले होते, आणि त्याची किंमत रस्ते झाडीत, धर्मशाळा बांधीत, पन्नास वर्षे फेडली. खारेपाटणहून वऱ्हाडात येण्यास किती दिवस लागतात, हा हिशेब त्यांनी केला असेल असे वाटत नाही.

आजचा मनुष्य असे काही ठरवीत नाही. त्याला दोन्ही हवे असते, आणि दोन्ही मिळेल असे विमान त्याला सांगते. जाताना तो आईला म्हणतो, "काही वाटलं तर चोवीस तासांत इथे असेन." तो खोटे बोलत नसतो. चोवीसाचे चाळीस होतात, पण तो येतोही. प्रश्न असा की हे वचन कशाचे आहे? ते एका दिवसाचे वचन आहे. म्हातारपण मात्र एका दिवसाचे नसते. ते संध्याकाळींचे असते. गुडघ्याचे, चष्म्याचे, गॅसच्या नळीचे, कोणाशी बोलावे या प्रश्नाचे असते. त्यात "तसं काही" दहा-पंधरा वर्षे होतच नाही, आणि म्हणून चोवीस तासांचे ते वचन दहा-पंधरा वर्षे पेटीत पडून राहते. वेगामुळे आपत्काळ जवळ आला; नेहमीचा काळ जेथे होता तेथेच राहिला. कदाचित तो अधिक लांबही गेला असेल, कारण लगेच येता येते या जाणिवेने येण्याची निकड संपते.

आणि हे काय फक्त अमेरिकेतल्या मुलांनाच लागू आहे? अकोल्यात राहणारी आणि चाळीस किलोमीटरांवरच्या गावी चार-चार महिने न फिरकणारी माणसे मी ढिगाने दाखवीन. त्यांना कोणी विचारीत नाही, कारण ती "केव्हाही जाऊ शकतात". जो केव्हाही जाऊ शकतो त्याला आज जाण्याचे कारण कधी सापडत नाही. त्या वृद्ध गृहस्थांचा सख्खा भाऊ तीन गल्ल्या पलीकडे राहतो. शेताच्या बांधावरून अठरा वर्षे दोघांत बोलणे नव्हते. तो बुधवारी रात्रीच आला आणि थंड पेटीपाशी बसून राहिला. त्याला मात्र कोणी विचारले नाही, की तुम्हाला पोचावयास किती वेळ लागला.

अंतर मोजताना आणखी एक गोष्ट आपण गृहीत धरतो, ती दिशा. दोरा नेहमी तिकडून इकडे ताणला जातो. मुलाने यावयाचे, आईने थांबावयाचे. पण त्या वाटेने उलट्या दिशेला गेलेल्या माणसांची मोजदाद कोणी केली आहे? मेळघाटाच्या मागे अमेरिका पाहून हरखलेल्या त्या बाई तीनदा तिकडे जाऊन आल्या आहेत. एकदा सुनेच्या बाळंतपणाला, एकदा दुसऱ्या बाळंतपणाला, आणि एकदा मुलाच्या पाठीचे ऑपरेशन झाले तेव्हा. इंग्रजी येत नाही, म्हणून गळ्यात मुलाने लिहून दिलेली चिठ्ठी अडकवून त्या एकट्या गेल्या. मधल्या विमानतळावर ती चिठ्ठी दाखवीत दाखवीत पुढचे विमान गाठले. जाताना सांडगे, पापड आणि तुरीच्या डाळीची पिशवी. सहा महिने राहून परत. या तिन्ही फेऱ्यांचे कर्तव्य म्हणून कोणी कौतुक केले नाही, त्यांनी स्वतःही नाही. परवा त्या पुन्हा आल्या होत्या. शिवणीची धावपट्टी वाढली तर काय काय होईल, यावर गल्लीतली मंडळी बोलत होती. मुले लवकर येतील, असे सगळ्यांचे मत पडले. बाईंनी गोल फिरवून आपली टाचणी शोधली, दोऱ्यावरून बोट फिरविले आणि विचारले, "पण सर, एवढ्या वर बर्फात विमान नेतात, तर मधे कुठं उतरायची सोय असते का हो? गुडघे फार आखडतात."

मी म्हटले, असते, पण सहसा उतरवीत नाहीत.